कापून टाकलेला खेळही जपायला हवा

‘पोर्टल’ या व्हिडिओ गेमच्या सोळाव्या कक्षात स्वच्छ पांढऱ्या भिंतीचा एक पत्रा जागचा हललेला दिसतो. घाईत असलेला खेळाडू पुढे निघून जातो. जो थांबतो आणि फटीतून आत शिरतो, त्याला मागे एक कळकट खोली सापडते. रिकामे डबे पडलेले, भिंतीवर रेघोट्या, कुणाची तरी घाबरीघुबरी अक्षरं. खेळ घडतो त्या प्रयोगशाळेत आपल्याआधी कुणीतरी लपून राहत होतं आणि इथली यंत्रणा देते त्या आश्वासनांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, हे त्याला तिथे उमगतं. ही खोली पाहिली नाही, तरी खेळ पुरा होतो.

‘व्हॉल्व्ह’ या अमेरिकी कंपनीने हा खेळ ऑक्टोबर २००७मध्ये आणला. कल्पना मूळची विद्यार्थ्यांची. वॉशिंग्टन राज्यातल्या ‘डिजिपेन’ संस्थेतल्या मुलांनी २००५मध्ये ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ नावाचा छोटा खेळ केला होता. तो पाहून कंपनीने त्या सगळ्यांनाच कामावर घेतलं. ‘पोर्टल’मध्ये हातात बंदूक असते, पण तिने भिंतीत दारं, म्हणजे पोर्टल, पडतात. एक निळं, एक नारिंगी. एकात शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. उंचावरून जमिनीवरच्या दारात उडी घेतली, तर पडण्याचा सगळा वेग घेऊनच माणूस पलीकडच्या भिंतीतून बाहेर भिरकावला जातो आणि एरवी अशक्य असलेली दरी पार होते. उडी मारण्याआधी डोकं चालवावं लागतं, म्हणून हा कोडी आणि उड्या यांचा खेळ.

लपवण्याची या कंपनीची हौस भिंतीमागच्या खोल्यांवर थांबली नाही. खेळ येऊन जवळपास अडीच वर्षं झाल्यावर, १ मार्च २०१० रोजी, तिने गाजावाजा न करता एक सुधारित आवृत्ती पाठवली. खेळातले २६ रेडिओ आता एका ठरावीक जागी नेले की त्यांचा दिवा हिरवा व्हायचा आणि विचित्र आवाज सुरू व्हायचे. काही आवाजांत मोर्स संकेत होते, काहींतून चित्रं उलगडत होती. जगभरच्या खेळाडूंनी मिळून ती सोडवली. दोनच दिवसांनी खेळाचा शेवटही बदलला आणि त्याच आठवड्यात ‘पोर्टल २’ची घोषणा झाली.

हे सगळं सापडावं म्हणून ठेवलेलं होतं. त्याचं कौतुक भरपूर झालं आणि ते योग्यच आहे. पण खेळांच्या पोटात आणखी एक ऐवज असतो. तो कुणी सापडावा म्हणून ठेवलेला नसतो. अर्धवट सोडलेले कक्ष, कधीच न वाजलेले संवाद, रद्द झालेल्या युक्त्यांचे अवशेष. याची किंमत लपवलेल्या खोल्यांपेक्षा जास्त आहे आणि तो जपण्याची जबाबदारी खेळ बनवणाऱ्यांनीच घ्यायला हवी.

एप्रिल २०११मध्ये आलेल्या ‘पोर्टल २’चंच पाहा. सुरुवातीला या खेळात पोर्टलच नव्हतं. कथा १९८०च्या दशकात घडणार होती, पहिल्या खेळाची नायिका नव्हती, तिला छळणारी ग्लॅडॉस ही यंत्रणाही नव्हती. बंदुकीच्या जागी कॅमेरा होता. वस्तूचा फोटो काढला की ती नाहीशी व्हायची आणि हवी तिथे, हव्या त्या आकारात, लहान किंवा मोठी करून मांडता यायची. युक्ती चांगलीच होती. पण चाचणीसाठी बोलावलेले खेळाडू विचारू लागले, की पोर्टल कुठे आहे? तेव्हा अनेक महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. त्यातला केव्ह जॉन्सन हा कथेतल्या प्रयोगशाळेचा तऱ्हेवाईक मालक मात्र टिकला आणि जे. के. सिमन्स यांच्या आवाजात अजरामर झाला.

चिकट रंगाची गोष्टही अशीच आहे. डिजिपेनच्याच दुसऱ्या एका चमूने ‘टॅग’ नावाच्या खेळात तीन रंग केले होते. एकावर उसळी मिळे, दुसऱ्यावर वेग, तिसऱ्याला पाय चिकटत आणि भिंतीवर, छतावर चालता येई. हा चमूही व्हॉल्व्हमध्ये आला. उसळीचा आणि वेगाचा रंग ‘पोर्टल २’त आले, चिकट रंग गळला. कारण छतावरून चालताना चाचणी खेळाडूंना गरगरू लागलं. माणसाच्या डोक्याला वर-खाली किती वेळा उलटं केलेलं चालतं, याचा हा प्रत्यक्ष धडा आहे. हाती आलेल्या खेळातून तो मिळत नाही, कारण तिथे तो रंगच नाही.

आणि चंद्र. खेळाच्या लेखकांनी नंतर सांगितलं, की मधल्या टप्प्यांवर खोटे शेवट पेरायचा त्यांचा बेत होता. त्यांपैकी एकात खेळाडू अगदी सुरुवातीलाच आकाशातल्या चंद्रावर दार पाडू शकणार होता. मग नायिका हवेविना मरणार आणि गाणं वाजणार. बाकीचे खोटे शेवट गेले, पण चंद्र त्यांना सोडवेना. तोच पुढे ‘पोर्टल २’चा खरा शेवट झाला. कथेतला सर्वांत मोठा क्षण गाळलेल्या गमतीतून उगवला, हे कळल्यावर तो शेवट पुन्हा खेळताना वेगळाच वाटतो. काटछाट म्हणजे नुसती वजाबाकी नव्हे, याचा एवढा लख्ख दाखला दुसरीकडे क्वचितच मिळेल.

गाळलेलं सगळं पुसून का टाकत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचं उत्तर भीतीत आहे. मोठ्या खेळात हजारो फायली एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रकाशनाच्या तोंडावर एक निरुपयोगी फाइल काढली आणि तिलाच कुठून तरी हाक गेली, तर खेळ कोसळू शकतो. म्हणून ती तशीच राहते आणि चिकाटीचे खेळाडू ती उकरून काढतात.

कंपन्या याला बिचकतात, त्यालाही कारण आहे. २००५मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’मध्ये बंद करून ठेवलेला एक अश्लील भाग बाहेरच्या लोकांनी चालू केला. अमेरिकेतल्या मानांकन मंडळाने खेळाला थेट ‘फक्त प्रौढांसाठी’चा शिक्का मारला आणि दुकानांनी तो मांडणीतून काढला. शिवाय ज्या कलाकाराने संवाद म्हटले, त्याला ते अर्धेकच्चे बाहेर यावेत असं वाटेलच असं नाही. ही हरकत रास्त आहे. म्हणूनच हे काम उकरणाऱ्यांवर सोडू नये. काय दाखवायचं, कधी आणि कुणाच्या संमतीने, हे बनवणाऱ्यांनी स्वतः ठरवावं. व्हॉल्व्हने ते करून दाखवलं आहे. पोर्टलमालिकेत खेळता खेळता ऐकता येईल असं निर्मात्यांचं भाष्य आहे. त्या रद्द झालेल्या कॅमेऱ्याची युक्तीही ‘लंचहाऊस सॉफ्टवेअर’ या छोट्या गटाने कंपनीच्या परवानगीने, तिचाच मूळ कोड वापरून, २०२०मध्ये जगाला दाखवली.

हे झालं नाही तर काय होतं, ते ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या बाबतीत थोडक्यात टळलं. नव्वदच्या दशकात संगणकाच्या क्लासमध्ये बसलेल्या कितीतरी मराठी मुलांनी हा खेळ खेळला. ‘प्रिन्स मेगाहिट’ असं टाइप केलं की पातळ्या ओलांडता येतात, हे गुपित मित्रांमध्ये कानोकान पसरायचं. जॉर्डन मेकनर यांनी १९८९मध्ये ॲपल-२ संगणकासाठी लिहिलेला त्याचा मूळ कोड हरवल्यात जमा होता. २०१२मध्ये त्यांच्या वडिलांना घरातल्या कपाटात एक खोकं सापडलं, त्यात त्या फ्लॉपी होत्या. जुनी यंत्रं जपणाऱ्या जाणकारांनी त्या वाचल्या आणि मेकनर यांनी कोड सर्वांसाठी खुला केला. आरशातून उडी मारताना राजपुत्रापासून सुटून निघणारी ती सावली आठवते? नव्या शत्रूची चित्रं ठेवायला मेमरीच उरली नव्हती, म्हणून राजपुत्राचीच चित्रं थोडी बदलून वापरली गेली. मेकनर यांनी दैनंदिनी ठेवली, ती प्रसिद्ध केली, म्हणून त्या खेळाच्या घडणीतला असा तपशील आज हाती आहे. पण एका कपाटावर आणि एका माणसाच्या टापटिपीवर किती भिस्त ठेवायची?

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. पुरे झालेल्या खेळांची ही गत, मग कच्च्या खर्ड्यांची काय असेल!

आता हा प्रश्न महाराष्ट्राच्या दारात आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२०मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवरचा खेळ जगभर नेला. असे आणखी चमू पुण्या-मुंबईत उभे राहत आहेत. त्यांच्या संगणकांत आज रद्द झालेले नकाशे, नाकारलेली रेखाटनं, न वापरलेले आवाज आहेत, उद्या ती यंत्रं भंगारात जातील. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून पुण्यातच आहे. तिथे व्हिडिओ गेमसाठी एक विभाग उघडावा. आणि स्टुडिओंनी खेळ प्रकाशित झाल्याच्या महिन्याभरात त्याचा कोड, खर्डे आणि गाळलेला सगळा मजकूर, हवं तर वीस वर्षांच्या कुलपात, तिथे जमा करावा.