ऊन सोलापूरचे, रोजगार कोणाचा?

सोलापूरच्या उन्हाची कीर्ती नवी नाही. वैशाखात पारा चाळिशीच्या पार जातो, रस्ते ओस पडतात आणि जो तो उन्हाला दूषणे देत सावली गाठतो. आज हेच ऊन गच्चीवरील सौरसंचातून विजेच्या बिलाचा भार हलका करू लागले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पंतप्रधान सूर्यघर' योजना मंजूर केली, एक कोटी घरांवर सौरसंच बसविण्याचा संकल्प केला आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये ठरविले. तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. योजनेतून सुमारे १७ लाख रोजगार निर्माण होतील, असा सरकारचा अंदाज आहे. अंदाज मोठा आहे. आमचा प्रश्न लहान आहे. यांतील किती रोजगार सोलापूरच्या मुलांच्या वाट्याला येणार?

हा प्रश्न आम्ही कोत्या ग्रामाभिमानाने विचारीत नाही. या शहरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्यांच्या भोंग्यांवर येथील हजारो घरांची चूल पेटत असे. भोंगे मुके झाले, यंत्रे भंगारात गेली. परंतु हातांतील कसब कोठे न्यावे, हे कामगाराला कोणी सांगितले नाही. तो धडा आम्ही विसरलो आहोत काय?

सौरऊर्जेच्या धंद्याचा विशेष असा की, पॅनेल कोठेही तयार होवोत, ती बसवावी लागतात आपल्याच गच्चीवर. वाऱ्याला दाद न देणारा सांगाडा उभारणे, तारा जोडणे, अर्थिंग करणे, पॅनेलवरील धूळ धुणे, इन्व्हर्टर बिघडल्यास धावून येणे, ही कामे दूर बसून होत नाहीत. पॅनेलचे आयुष्य सुमारे पंचवीस वर्षांचे. म्हणजे हे काम दोन दिवसांचे नव्हे, एका पिढीचे आहे. परंतु केवळ सर्वांत कमी दर पाहून आपण संच घेणार असू, तर कमरेला पट्टा न बांधता उंच गच्चीवर चढणारा, अर्धवट शिकलेला, दोन दिवसांच्या मजुरीचा पोरच आपल्या दारी येईल. त्याचा जीव आणि आपले घर, दोन्ही एकाच तारेवर लोंबकळत राहतील.

उपाय असाध्य नाहीत. सौर तंत्रज्ञ घडविणारे 'सूर्यमित्र' प्रशिक्षण २०१५ पासून देशात सुरू झाले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या वीजतंत्री व तारतंत्री मुलामुलींना अशा शिक्षणाची जोड मिळाली पाहिजे. महापालिकेने आपल्या शाळा व कार्यालयांवरील संचांच्या ठेक्यात स्थानिक उमेदवारांना काम शिकविण्याची अट घालावी. अनुदानित संचाची पाच वर्षे देखभाल करणे ठेकेदारावर बंधनकारक आहे. ती देखभाल कोण करणार, हे गृहनिर्माण संस्थांनी करारापूर्वीच विचारावे. यामुळे दर थोडा चढेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तो खर्च नव्हे, विमा आहे.

अखेर एक गोष्ट आम्हां सुशिक्षितांनाही सांगितली पाहिजे. मुलाच्या हाती लेखणीऐवजी पक्कड दिसली की आमची मान खाली जाते. ही खोटी प्रतिष्ठा आता सोडावी. ऊन फुकट मिळते. कसब मात्र शिकवावे लागते आणि त्याचे मोलही द्यावे लागते.