वेड पांघरलेला पत्ता

म्हणीतले पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातले, भीमाकाठचे मानतात. पण परभणीजवळही एक पेडगाव आहे. तिथे पत्र पोचवायचे तर पाकिटावर ‘मु. पो. पेडगाव, ता. जि. परभणी’ असे लहानाकडून मोठ्याकडे लिहावे लागते. अशा सारख्या नावांच्या घोळावरही उतारा म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी रचलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. तो नेमका उलट, मोठ्या विभागाकडून टपाल कार्यालयाकडे उतरतो. दोन्ही रीती नीट चालतात, कारण एकही अर्ध्या वाटेत दिशा बदलत नाही. इंटरनेटचा पत्ता मात्र टिंबाटिंबाने लहानाकडून मोठ्याकडे चढतो आणि पहिली एकेरी तिरकी रेघ आली की मोठ्याकडून लहानाकडे उतरू लागतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा अनावश्यक होत्या, अशी कबुली २००९ मध्ये दिली. सगळा पत्ता मोठ्याकडून लहानाकडेच लिहायला हवा होता, असेही ते म्हणाले आहेत; पण गाजल्या त्या बिचाऱ्या दोन रेघाच.

टिंबांची नावे १९८३ पासूनची, बर्नर्स-लींना ती वारशाने मिळाली, असा बचाव होईल. तो खरा आहे. पण पाकिटाची रीत वेलणकरांनाही वारशानेच मिळाली होती. तिला हात न लावता त्यांनी आपला आकडा तेवढा एकमार्गी ठेवला. दुसरा आक्षेप असा की, आता पत्ता वाचतो कोण? बोट टेकवले की पान उघडते. पत्ता वाचतात ते भामटे, आणि फार बारकाईने. ओळखीच्या बँकेचे नाव अगदी डावीकडे लावायचे आणि खरा मालक टिंबांच्या शेवटी, एकेरी रेघेच्या अलीकडे दडवायचा, एवढीच ही कला. डावीकडून वाचणारा पहिल्या नावावरच विश्वासतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘बँक डॉट इन’ या राखीव शेपटाचे पत्ते घेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली, हे योग्यच झाले. मात्र पत्ता शेपटाकडून वाचायचा असतो, हे खातेदाराला कोणी शिकवले? वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्याला वाट पक्की ठाऊक असते. भलत्याच पेडगावी उतरतो तो सरळ वाचणारा शहाणा.