‘वडील काय करतात?’ : मुलाखतीतील अवघड प्रश्नांविषयी

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने यशाची गोष्ट सांगावी, असा एक अलिखित संकेत आहे. मी मात्र एका खोट्या उत्तराची गोष्ट सांगणार आहे. ती सांगितल्यावाचून माझे पुढचे म्हणणे पोकळ ठरेल.

तीसएक वर्षांपूर्वी एका कार्यालयात लिपिकाच्या जागेसाठी माझी मुलाखत झाली. वसतिगृहात लागलेली टापटिपीची सवय, स्वच्छ अक्षर आणि प्रथम श्रेणीची गुणपत्रिका एवढेच भांडवल जवळ होते. कामाविषयीचे प्रश्न नीट पार पडले. मग मधल्या खुर्चीवरील साहेबांनी चष्मा पुसत विचारले, “वडील काय करतात?” माझे वडील मोंढ्यात हमाल होते. पोती वाहून त्यांच्या मानेवरची कातडी जाड झाली होती आणि त्याच मानेवर माझे सारे शिक्षण उभे होते. मी म्हणालो, “शेती करतात.” आमच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती.

नोकरी मिळाली. दोन वर्षांनी वडील मला भेटायला कार्यालयात आले. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि आपुलकीने विचारले, “काय बाबा, यंदा पाऊसपाणी कसं? पिकं बरी आहेत ना?” वडिलांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, “बरं हाय साहेब यंदा.” त्यांनी माझे खोटे सांभाळून घेतले आणि त्याविषयी पुढे आयुष्यभर एक शब्द काढला नाही. तो शब्द त्यांनी काढला असता, तर कदाचित मला कमी बोचले असते.

पुढे नशिबाने खुर्ची बदलली. मागासवर्गीय प्रतिनिधी म्हणून आणि नंतर विभागप्रमुख म्हणून मी अनेक निवड समित्यांवर बसलो. समोरच्या उमेदवाराची नजर एखाद्या प्रश्नाला अचानक खाली जाते, तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्या अनुभवातून माझे एक मत बनले आहे. अवघड प्रश्नाला आपली मुले अडखळतात, ती उत्तर नसते म्हणून फार क्वचित. समोरचा प्रश्न कोणत्या जातीचा आहे, हे त्यांना ओळखता येत नाही, हे त्याचे खरे कारण असते.

आज बाजारात तयार उत्तरांचा मोठा व्यापार आहे. ‘तुमच्यातला दोष कोणता?’ या प्रश्नाला ‘मी कामात परिपूर्णतेचा फार आग्रह धरतो’ हे उत्तर एकाच सकाळी चार उमेदवारांच्या तोंडून मी ऐकले आहे. पाठ केलेले उत्तर पहिल्या वाक्याला शोभते. पण मुलाखतकार “एखादा प्रसंग सांगा” म्हणाला, की ते कोसळते. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलले जाते, ज्यांचे काका-मामा अधिकारी आहेत, ती मुले त्यातूनही सावरून घेतात. आपल्या मुलांपाशी तो आधार नसतो. म्हणून त्यांना तयार उत्तरांपेक्षा अधिक टिकाऊ काहीतरी द्यायला हवे.

ते टिकाऊ काहीतरी आपल्या शाळेच्या ग्रंथालयातच आहे. अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात भगवान बुद्धांनी प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत : ज्याला सरळ, एका वाक्यात उत्तर द्यावे तो एकंसब्याकरणीय, ज्याचे विश्लेषण करून उत्तर द्यावे तो विभज्जब्याकरणीय, ज्याला आधी प्रतिप्रश्न करावा तो पटिपुच्छाब्याकरणीय, आणि जो बाजूला ठेवावा तो ठपनीय. हे विवेचन नोकरीच्या मुलाखतीसाठी नव्हते, हे उघड आहे. परंतु प्रश्न आणि उत्तर यांच्या नात्याविषयी इतके व्यवहार्य मार्गदर्शन मला दुसरीकडे आढळलेले नाही.

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर हवे. “हे संगणकप्रणालीचे काम तुम्ही केले आहे का?” केले असल्यास ‘होय’, नसल्यास ‘नाही, पण शिकण्याची तयारी आहे’. “दुसऱ्या वर्षी नापास का झालात?” आई आजारी होती, मी सहा महिने कामाला जात होतो, पुढच्या वर्षी सर्व विषय सोडवले, एवढे पुरे. ‘माहीत नाही’ हेसुद्धा सरळ उत्तर आहे आणि समितीवर बसल्यापासून मला ते फार आवडू लागले आहे. जो उमेदवार ते शांतपणे म्हणू शकतो, त्याने जिथे ‘माहीत आहे’ म्हटले तिथे विश्वास ठेवता येतो.

विश्लेषण मागणाऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले, की माणूस सापळ्यात अडकतो. “आरक्षणामुळे गुणवत्ता घसरते, असे तुम्हाला वाटते का?” या प्रश्नाने आपल्या कित्येक मुलांचा घसा कोरडा पडला आहे. कोणी चिडते, कोणी समोरच्याला बरे वाटावे म्हणून मान डोलावते. दोन्ही टाळता येते. प्रश्नात तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत : प्रवेशाची संधी, नंतरची कामगिरी आणि गुणवत्ता मोजण्याची पद्धत. त्या वेगळ्या करून दाखवाव्यात. आरक्षण दार उघडते, उत्तीर्ण होण्याची परीक्षा मात्र सर्वांना तीच द्यावी लागते, हे सांगावे. आणि आपले काम गुणपत्रिकेतून व अनुभवातून समोर ठेवावे. आवाज चढवण्याची गरज नाही, खाली घालण्याची तर मुळीच नाही.

तिसऱ्या प्रकारात आपण सर्वांत मागे आहोत, कारण मोठ्यांना उलट प्रश्न विचारू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. “पगाराची अपेक्षा किती?” असे विचारताच आपली मुले संकोचाने कमी आकडा सांगतात किंवा ‘आपण द्याल तो’ म्हणतात. येथे नम्रपणे विचारावे : या पदावरची जबाबदारी कोणती, कामाचे ठिकाण कोणते, या श्रेणीसाठी संस्थेने काय ठरवले आहे? “ताणाखाली काम कराल का?” याला ‘हो’ म्हणण्यापूर्वी तो ताण मुदतीचा आहे, लोकांच्या गर्दीचा आहे की अपुऱ्या मनुष्यबळाचा, हे जाणून घ्यावे. नेमका प्रतिप्रश्न हा उद्धटपणा नसतो. तो विचारणाऱ्याला कामाची समज असते, हे जाणकार मुलाखतकार ओळखतो.

आणि काही प्रश्न बाजूलाच ठेवायचे असतात. “आडनावावरून कळले नाही, तुम्ही नक्की कोण?” “लग्न कधी करणार? मग नोकरी सोडणार का?” यांचा कामाशी संबंध नाही. “या कामासाठी लागणारा वेळ मी पूर्ण देईन, त्याविषयी आपल्याला काही शंका असल्यास जरूर विचारा,” एवढे बोलून थांबावे. येथे मला प्रामाणिक राहिले पाहिजे. प्रश्न बाजूला ठेवण्याची किंमत मोजावी लागू शकते, आणि घरी चूल पेटण्याची वाट पाहणाऱ्याला ती परवडेलच असे नाही. अशा वेळी जो उत्तर देऊन नोकरी मिळवतो, त्याला मी दोष देणार नाही. पण तो प्रश्नच अयोग्य होता, हे त्याने मनाशी जाणावे. स्वतःला कमी लेखू नये.

“वडील काय करतात?” हा प्रश्न मग कोणत्या प्रकारात बसतो? तो निष्पाप आहे, असे म्हणण्याचा भोळेपणा मी करणार नाही. 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये या विषयावरचे काही अभ्यास प्रसिद्ध झाले. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी चर्चा केली, तेव्हा ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ पाहणे त्यांना निवडीचा स्वाभाविक भाग वाटत असल्याचे दिसले. म्हणजे अपयश आले तर ते नेहमी उत्तराचेच अपयश नसते. निवड न झालेल्या आपल्या प्रत्येक मुलाला हे कोणीतरी सांगायला हवे.

तरीही, मला विचाराल तर, हा प्रश्न सरळ उत्तराचाच आहे. विचारणाऱ्याचा हेतू काहीही असो, वडिलांचे काम ही लपवण्याची गोष्ट नाही. मी सरळ प्रश्नाला लपवण्याचा प्रश्न समजलो, ही माझी चूक होती. माझे साहेब भले गृहस्थ होते. कदाचित खरे उत्तर ऐकूनही त्यांनी मला घेतले असते. ते कळण्याची संधी मी त्यांनाही दिली नाही.

कोणी म्हणेल, आता मुलाखतींचे महत्त्वच कुठे उरले आहे? केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या, हे खरे. आणि मुलाखतीतील पक्षपाताचा विचार करता मला तो निर्णय योग्य वाटतो. परंतु केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत 2025 पैकी 275 गुण आजही मुलाखतीचे आहेत, आणि आपली बहुसंख्य मुले ज्या खासगी क्षेत्रात जातात, तिथे तर मुलाखत हेच मुख्य दार आहे.

म्हणून संस्थेला, माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी प्रत्येकी एक विनंती आहे. संस्थेने दहावीनंतरच्या मुलामुलींसाठी महिन्यातून एक शनिवार राखून ठेवावा. एक खोली, एक टेबल, चार खुर्च्या. याहून अधिक काही लागत नाही. माजी विद्यार्थ्यांनी त्या खुर्च्यांवर येऊन बसावे आणि खरोखर अवघड, प्रसंगी बोचणारे प्रश्न विचारावेत. घाव पहिल्यांदा आपल्या माणसांत बसला, तर तो बाहेर कमी लागतो. प्रत्येक प्रश्नानंतर मुलांनी आधी प्रकार सांगावा, मग उत्तर द्यावे. आणि पालकांनो, तुम्ही काय काम करता, कसे करता, त्यात काय कसब लागते, हे मुलांना स्वतःच्या तोंडाने सांगा. थरावर थर रचूनही पोत्यांची थप्पी ढासळत कशी नाही, हे माझ्या वडिलांना ठाऊक होते. मी ते कधी विचारले नाही आणि त्यांनीही कधी सांगितले नाही.

सुट्टीत मी मोंढ्यात त्यांच्याबरोबर जात असे आणि काटापट्ट्या लिहून देत असे. आकड्यांची भीती माझी तिथेच गेली. तेव्हा त्या साहेबांना देण्याजोगे उत्तर त्या दिवशीही माझ्यापाशी होते : “माझे वडील मोंढ्यात हमाली करतात. हिशेबाची सवय मला त्यांच्याबरोबर काटापट्ट्या लिहून लागली.” अवघी दोन वाक्ये, दोन्ही खरी, आणि लिपिकाच्या कामाशी थेट संबंध असलेली. शब्द माझ्याजवळ होते, ते मोठ्याने उच्चारण्याचा सराव नव्हता. तो सराव आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला मिळावा, म्हणजे त्याच्या वडिलांना कोणत्याही साहेबांसमोर नसलेल्या पिकांची खुशाली सांगावी लागणार नाही.