हुंकार

रात्रीची जेवणे उरकतात, अंगणात घोंगडी पसरली जाते आणि आजीभोवती नातवंडे गोळा होतात. गोष्टीला आरंभ करण्यापूर्वी आजी एकच अट घालते. ती पैसा मागत नाही, पाय चेपून घेत नाही, एवढेच म्हणते, "हुंकार द्यायचा बरं का! हुंकार थांबला की गोष्ट थांबली." मग राजा शिकारीला निघतो, मुले म्हणतात, "हं." राजा रानात वाट चुकतो, मुले म्हणतात, "हं." राजाला दूर एक दिवा लुकलुकताना दिसतो, तेव्हा हा 'हं' किंचित मोठा होतो. काही वेळाने एखाद्याचा डोळा लागू लागतो. त्याचा 'हं' लांबतो, जड होतो, भलत्याच जागी पडतो. आजीचे डोळे अंधाराने अधू झाले असले, तरी कान तीक्ष्ण असतात. जागा हुंकार कोणता आणि झोपेतला कोणता, हे तिला तत्काळ कळते. ती गोष्ट तेथेच मिटून ठेवते.

ही चाल महाराष्ट्रात फार जुनी आहे. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 च्या सुमारास, नेवासे येथे गीतेवर निरूपण केले. त्या ग्रंथात नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ते श्रोत्यांजवळ काय मागतात? धन नव्हे, मान नव्हे. ते अवधान मागतात. ऐकणाऱ्याने मनापासून ऐकावे, एवढीच त्यांची याचना आहे. ज्यांच्या वाणीला उपमा नाही, त्यांनाही ऐकणाऱ्याच्या कानाची गरज वाटली. मग इतरांची काय कथा!

आता काळ पालटला आहे. गोष्टी आजीच्या तोंडून कमी ऐकू येतात आणि मोबाइलच्या पडद्यावर अधिक वाचल्या जातात. लेखक विनामूल्य लिहितात आणि वाचक विनामूल्य वाचतात. 'प्रथम बुक्स' या संस्थेने 2015 साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संग्रहात मराठीसह अनेक भाषांतील बालकथा कोणालाही मोफत वाचता येतात. ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तके वाचकांना मोल न घेता देते आणि त्यांच्या आरंभीच्या पानांवरच विनंती करते की, पुस्तक वाचून झाल्यावर लेखकाला आपले मत अवश्य कळवावे. पुस्तक देणाऱ्याने हात पुढे करून मागावे आणि काय मागावे, तर दोन शब्द! आजीचीच ती अट. केवळ घोंगडीच्या जागी काचेचा पडदा आला आहे.

परंतु ही अट आज किती जण पाळतात?

पुणे जिल्ह्यात शिरूर आणि दौंड हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. दोहोंच्या मधून भीमा वाहते. अलीकडे शिरूर तालुक्यातील मांडवगण फराट्यासारखी गावे, पलीकडे दौंड तालुक्यातील पारगावसारखी गावे. दोन्ही काठांवर ऊस. समजा, दौंडच्या रेल्वे वसाहतीत राहणारा एखादा कर्मचारी गोष्टी लिहितो. दौंड हे मोठे जंक्शन. मनमाडकडे जाणारा मार्ग तेथून फुटतो आणि गाड्यांची ये-जा रात्रंदिवस चालू असते. हा मनुष्य पाळी संपवून घरी येतो, हातपाय धुतो, दोन घास खातो आणि सारे घर झोपल्यावर लिहावयास बसतो. त्या लिहिण्याचे त्याला वेतन नाही. त्याची गोष्ट कोणी छापून विकणार नाही. तरीही एक वाक्य मनासारखे उतरावे म्हणून तो ते चार वेळा खोडतो.

इकडे भीमेच्या अलीकडे शिरूर तालुक्यातील एखाद्या वाडीवर सातवीत शिकणारी एक मुलगी वडिलांच्या मोबाइलवर ती गोष्ट वाचते. वाचता वाचता तिचा गळा दाटून येतो. गोष्ट संपते. ती मोबाइल वडिलांच्या उशाशी ठेवते आणि झोपी जाते. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला ती गोष्ट सांगते. मैत्रीण आपल्या भावाला सांगते. म्हणजे गोष्ट वाडीभर पसरली. ज्याने ती लिहिली, त्याला मात्र यातले काहीच ठाऊक नाही. आपली गोष्ट शंभर जणांनी उघडली, एवढा आकडा त्याला दिसतो. आकडा हुंकार देत नाही. शंभरांपैकी कोण जागे होते आणि कोण दोन ओळी पाहून निघून गेले, हे आकड्यावरून कसे कळावे? असे महिने जातात. एके रात्री तो वही उघडत नाही. वाडीवरची मुलगी पुढल्या गोष्टीची वाट पाहत राहते आणि 'आता हे का बरे लिहीत नाहीत?' असे मनाशी म्हणते. आपण त्या मनुष्याला एकदाही 'हं' म्हटले नाही, हे तिच्या ध्यानातही येत नाही.

तिला कृतघ्न म्हणणे अन्यायाचे होईल. फुकट मिळालेल्या वस्तूमागे कोणाचे तरी कष्ट असतात, हे सहज दिसत नाही, इतकेच. दौंड तालुक्यात ते एका ठिकाणी स्वच्छ दिसते. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघून लोणी काळभोरनंतर यवतला मुक्काम करते आणि पुढे वरवंडला जाते. यवतचे गावकरी त्या मुक्कामी वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढतात. घरोघर चुली पेटतात, भाकरीच्या चवडी मंदिरात येतात आणि मोठमोठ्या कढयांतून पिठले रटरटते. या जेवणाला मोल नाही. एखाद्या वारकऱ्याने पैसे पुढे केले, तर वाढणाऱ्याला वाईटच वाटेल. म्हणून वारकरी काहीच न बोलता पानावरून उठतो काय? तो हात जोडतो, वाढणाऱ्याला 'माउली' म्हणतो, क्वचित पायाला हातही लावतो. हातावर भाकरी थापून थापून थकलेल्या बाईला त्या एका शब्दाने पुढच्या वर्षीचे बळ मिळते. फुकट दिलेल्या अन्नाचा मान कसा राखावा, हे जेथे शेकडो वर्षांच्या वहिवाटीने ठाऊक आहे, तेथे फुकट दिलेल्या गोष्टीचा मान राखणे अवघड का जावे?

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना तेथील छात्रालयातील मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे एक दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. त्याला वर्गणी नव्हती आणि जाहिरातही नव्हती. लेखक एक, प्रत एक आणि वाचक छात्रालयातील मुले. मुले ते उत्सुकतेने वाचतात, हेच त्या श्रमाचे वेतन. पुढे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. तिची मांडणी पाहावी. श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो आणि मित्र ती ऐकावयास जमतात. अशा बेचाळीस रात्री आहेत. ऐकणारे पांगले असते, तर श्यामला पहिल्या रात्रीनंतर दुसरी रात्र सुचली असती काय?

1907 साली जळगाव येथे कविसंमेलन भरले होते. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे अध्यक्ष होते. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तेथे कविता म्हणण्यास उभा राहिला. ती ऐकून सभा चकित झाली आणि अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' म्हणून गौरविले. महाराष्ट्र आज त्याला त्याच नावाने ओळखतो. त्या मुलाच्या वाट्याला आयुष्य थोडे आले. 1918 साली त्याचा अपघाती मृत्यू झाला. परंतु हुंकार मात्र वेळेवर आला होता.

त्याच जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या बाबतीत तसे घडले नाही. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. दळताना, शेतात राबताना गाणी त्यांच्या ओठांवर येत आणि घरची माणसे त्यांतली काही कागदावर उतरवून ठेवीत. घरच्यांचा हुंकार त्यांना होता, यात शंका नाही. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवी होते. परंतु 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई निवर्तल्या आणि त्यानंतरच सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्रे ती ऐकून थक्क झाले. असे धन झाकून ठेवणे योग्य नव्हे, असे त्यांनी बजावले. 1952 साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले आणि सारा महाराष्ट्र 'वाहवा' म्हणू लागला. ती वाहवा ऐकावयास बहिणाबाई नव्हत्या. तेव्हापासून शाळाशाळांतून मुलांनी त्यांची गाणी म्हटली. त्यांतल्या एकाही मुलाचा आवाज त्यांच्या कानी पडला नाही.

यावर कोणी म्हणेल, 'खरा लेखक स्तुतीची अपेक्षा धरीत नाही. फळाची आशा न धरता काम करावे, हेच उत्तम.' हे खरे आहे; पण तो लेखकाचा धर्म झाला. वाचकाने त्याच्या आड लपू नये. पाणपोईवरचा माणूस आभार मागत नाही, म्हणून पाणी पिणाऱ्याने पाठ फिरवून निघून जाणे शोभत नाही. दुसरा कोणी म्हणेल, 'स्तुतीने लेखक बिघडतो.' खोट्या स्तुतीने बिघडतो, हे मान्य करावे लागेल. झोपेतल्या हुंकाराची गोष्ट येथेच लागू पडते. हल्ली गोष्टीखाली 'छान', 'मस्त', 'अप्रतिम' असे शब्द ओळीने पडलेले असतात. काही ठिकाणी शब्दसुद्धा नसतात, केवळ टाळ्यांची चित्रे असतात. न वाचताही 'छान' म्हणता येते आणि लेखकाला हे कळते. अगदीच काही नसण्यापेक्षा तेवढे बरे, इतकेच त्याविषयी म्हणता येईल.

मग जागा हुंकार कसा असतो? त्यात गोष्टीतले काहीतरी असते. वाडीवरच्या त्या मुलीने एवढेच लिहिले, 'म्हातारा बैल विकून घरी येतो आणि सवयीने गव्हाणीत वैरण टाकतो, तेथे मला रडू आले. आमच्या आजोबांनीही असेच केले होते', तर दौंडच्या त्या लेखकाला कळेल की, चार वेळा खोडलेले वाक्य पोहोचले. यात विद्वत्ता लागत नाही आणि मोठे शब्दही लागत नाहीत. एखादी गोष्ट पटली नाही, तर तेही सांगता येते. 'शेवट घाईने झाला असे वाटले. धाकट्या भावाचे पुढे काय झाले, ते कळले असते तर बरे झाले असते', असे लिहिणारा वाचक लेखकाचा शत्रू नव्हे. उलट त्याने शेवटपर्यंत वाचले, याचा तो पुरावाच आहे. मात्र नाव लपवून टोचून बोलणे, हिणवणे, चारचौघांत फजिती करणे हा अभिप्राय नव्हे. तो अंधारातून दगड मारण्याचा प्रकार आहे, आणि त्याची आज मुळीच वाण नाही.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. पडद्यापलीकडचा माणूस अनोळखी असतो. म्हणून मुलांनी असे चार शब्द घरच्या वडीलधाऱ्यांना किंवा शिक्षकांना दाखवून पाठवावेत आणि त्यांत आपला पत्ता, दूरध्वनी क्रमांक वा शाळेचे नाव घालू नये. गोष्टीविषयी लिहावयाचे आहे, स्वतःविषयी नव्हे.

मोबाइल येण्यापूर्वी हे काम टपालाचे कार्ड करीत असे. भारतात कार्ड 1879 साली सुरू झाले, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. पुढे ती पन्नास पैसे झाली. मासिकात गोष्ट वाचून वाचक संपादकांच्या पत्त्यावर कार्ड टाकीत आणि ते फिरत फिरत लेखकाच्या हाती पडे. जागा थोडी, म्हणून मजकूर नेमका येई. धारवाडला एकांतात राहणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी लोकांत फारसे मिसळत नसत. पण पत्रे मनापासून वाचीत आणि लिहीत. सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांचे पुढे 'प्रिय जी. ए.' नावाचे पुस्तकच झाले. वाचकाचा हुंकार इतका सुंदर असू शकतो की, तोच वाचण्याजोगा ठरतो! आणि ज्याने ऐकता ऐकता लिहून ठेवले, तो तर हुंकार देणाऱ्यांचा शिरोमणी. चाकणचे संताजी जगनाडे यांनी तुकोबांचे अभंग वहीत उतरवून ठेवले. त्या वह्यांचे मोल महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको.

अंगणात मुले झोपी गेली म्हणून आजी गोष्ट मिटून ठेवते, पण ती विसरत नाही. दुसऱ्या रात्री घोंगडी पसरते. सर्वांत धाकटा नातू तिच्या मांडीशी सरकून विचारतो, "आजी, काल राजा दिव्याजवळ पोहोचला होता. मग त्या झोपडीत कोण होतं?" आजीचा चेहरा उजळतो. काल हा झोपला नव्हता तर! ती पदर सावरून बसते, क्षणभर कालची जागा आठवते आणि म्हणते, "झोपडीत होती एक म्हातारी…"

"हं," नातू म्हणतो.