भूकंपाच्या आठ कारणांत पाप नाही

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, भूकंपाने सास्तूर गाव पडले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. ढिगाऱ्यांतून माणसे काढली, चिता विझल्या, आणि मग साऱ्या भूकंपग्रस्त पट्ट्यात एक प्रश्न फिरू लागला: आमचं काय चुकलं? कुणी म्हणे पाप वाढलं, कुणी म्हणे देवाचं काही राहून गेलं. लेकरू गमावलेल्या बाईने तो प्रश्न स्वतःला विचारला की दुःखाच्या जोडीला गुन्हाही तिच्याच पदरात पडतो. म्हातारी माणसे आजही असे बोलतात. मला ते ऐकवत नाही.

प्राचीन नीतिविचारावर दर आठवड्याला लिहायचे तर या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवे. उत्तर आहे, आणि ते मराठी वाचकाच्या हाताशी येण्यात एका गोवेकराचे मोठे श्रम आहेत. धर्मानंद कोसंबी १८७६ साली साखवाळला जन्मले. बुद्धाविषयी थोडेसे वाचले आणि संसार मागे ठेवून ते निघाले: पुणे, काशी, नेपाळ, मग सिलोन, ब्रह्मदेश. सिलोनात पाली शिकले, भिक्षू झाले. पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी गेले आणि परतल्यावर फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. पदवी नसलेल्या या माणसाने मूळ पाली ग्रंथ वाचून त्यातली जुनी वचने कोणती आणि मागून चिकटलेल्या कथा कोणत्या, हे ‘भगवान बुद्ध’ या पुस्तकात निर्भयपणे निवडले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र घराबाहेर पडला, ही लाडकी कथाही त्यांनी बाजूला ठेवली. शाक्य आणि कोलिय या कुळांच्या भांडणात शस्त्रे उचलली गेली, त्या भयातून गोतम निघाला, असे त्यांनी जुन्या सुत्ताच्या आधारे मांडले.

त्यांनी दाखवलेल्या या वाटेने पाली वाङ्मयात शिरले की संयुत्तनिकायात एक छोटे सुत्त भेटते. मोळियसीवक नावाचा परिव्राजक राजगृहाच्या वेळुवनात येऊन विचारतो: माणूस जे सुख-दुःख भोगतो ते सगळे पूर्वीच्या कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात; आपले काय मत? बुद्ध कारणे मोजून सांगतो. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतूंचा पालट, विषम वागणूक म्हणजे स्वतःची नीट काळजी न घेणे, बाहेरून झालेला घाव. आणि कर्माचे फळ, ते आठवे. सगळा भार कर्मावर टाकणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाला ठाऊक असलेल्या सत्याच्या पलीकडे धावतात, असे तो स्पष्ट बजावतो. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात राजा मिलिंद हाच वाद नागसेनाशी घालतो, आणि नागसेन म्हणतो की कर्मफळाचा वाटा थोडा, बाकीच्या कारणांचा जास्त. त्या राजाचे नाव घेतलेले कॉलेज बाबासाहेबांनी औरंगाबादेत उभारले. परिसर नागसेनवन. मराठवाड्याच्या कितीतरी घरांतली पहिली शिकलेली पिढी तिथे घडली.

दीघनिकायातल्या महापरिनिब्बान सुत्तात तर भूकंपाचीच आठ कारणे दिली आहेत. पहिले पूर्ण भौतिक: पृथ्वी पाण्यावर, पाणी वाऱ्यावर; वारा खवळला की पाणी हलते आणि पृथ्वी हादरते. भूशास्त्र म्हणून ते चूक आहे. उरलेली कारणे सिद्ध पुरुषांच्या शक्तीची आणि बुद्धाच्या जन्म-बोधी-परिनिर्वाणासारख्या प्रसंगांची. गावकऱ्यांचे पाप या यादीत कुठेच नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

रोममध्ये तत्त्वज्ञ सेनेकानेही भूकंपाला पापापासून असेच वेगळे काढले. पाँपेई हादरल्यावर त्याने भूकंपावर एक अख्खे प्रकरण लिहिले. यात देवांचा कोप नाही, कारणे समजून घ्या म्हणजे भय ओसरेल, असे त्याचे सांगणे. १९३४ च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. गांधीजींचा हेतू थोर होता, पण या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूने आहे. मेलेल्यांत त्या पापाचे बळी ठरलेलेही होतेच.

सास्तूरची माणसे कशाने मेली? चिखलात रचलेल्या दोन-तीन फूट रुंद दगडी भिंतींनी आणि त्यांवरच्या मातीच्या जड माळवदांनी. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीकडे हादरे बसले होते. पण भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये तो विभागच रद्द झाला, आणि किल्लारीचा पट्टा तिसऱ्या विभागात गेला. सीवकाला सांगितलेल्या यादीत हे बसवायचे तर विषम वागणुकीत बसेल, आणि ती वागणूक फक्त भिंतीखाली झोपलेल्यांची नव्हती. गोरगरिबांच्या हालाचे खापर पूर्वकर्मावर फोडले की राज्य आणि समाज जबाबदारीतून सुटतात, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात लिहिले आहे. सास्तूरला ते अक्षरशः लागू पडते.

हे उत्तर पुढच्या पिढीपर्यंत पोचायला हवे, म्हणून पाली आणि तत्त्वज्ञान हे विषय विद्यार्थी मिळत नाहीत या सबबीवर बंद करायला माझा विरोध आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या कॉलेजांनी ते टिकवावेत. सास्तूरच्या लोहारा तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कुलात ३० सप्टेंबरला दोन तास द्यावेत: एका तासात सीवकाचे सुत्त मराठीत वाचून त्यावर मुलांना बोलू द्यावे, दुसऱ्यात गवंड्याला बोलावून भिंतीचे जोडदगड, काँक्रीटचे पट्टे आणि छताचे वजन समजावून घ्यावे. आणि ज्या घरांतली माणसे गेली, त्या घरांतल्या आजी-आजोबांना पहिल्या तासाला आवर्जून पुढे बसवावे.