प्रतिध्वनी की उत्तर?

विद्यार्थी मित्रांनो, प्रतिध्वनीचा धडा तुम्ही शिकला आहात. भिंत निदान १७ मीटर दूर असली, तरच आपला आवाज सेकंदाच्या दहाव्या भागानंतर परत येतो आणि वेगळा ऐकू येतो. आपण काय बोललो, ते भिंतीला अर्थातच कळत नाही.

आमच्या शेजारी एक स्वमग्न मुलगा राहतो. "तुला पाणी हवं?" असे त्याला विचारले, की तोही म्हणतो, "तुला पाणी हवं?" मी पुष्कळ दिवस हा भिंतीसारखाच प्रकार समजत होतो. त्याची आई मात्र लगेच पेला पुढे करी आणि तो गटागटा पाणी पिई. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याचे निरीक्षण इतके कच्चे असावे, याची मला अजून लाज वाटते.

वास्तविक ही गोष्ट जुनीच आहे. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रश्न जसाच्या तसा परत म्हणणे हाच या मुलांचा होकार असतो, हे त्याने तेव्हाच नोंदले होते. पुढे १९८१ साली प्रिझंट आणि ड्यूकन यांनी चार स्वमग्न मुलांचे घरातले व शाळेतले बोलणे चित्रफितीवर टिपून अशा पुनरुक्तीचे सात प्रकार सांगितले. कधी ती मागणी असते, कधी होकार, कधी संभाषणात आपली पाळी घेणे, तर कधी उत्तरापूर्वीची उजळणी. काही वेळा तिच्यात हेतू दिसत नाही, हेही खरे.

मग वाचोपचारतज्ज्ञ काय करतात? मुलाला गप्प बसवत नाहीत. पेला समोर धरून त्याच्याच बाजूचे वाक्य म्हणतात, "मला पाणी हवं." मूल तेच परत म्हणते, आणि आता ते वाक्य बरोबर असते! ज्याला आपण खोड म्हणत होतो, तीच शिकवण्याच्या कामी येते.

जी मुले बोलतच नाहीत, त्यांच्यासाठी चित्रे असतात. चित्र समोरच्याच्या हातात द्यायचे आणि वस्तू मागून घ्यायची, ही पद्धत १९८५ साली अमेरिकेत सुरू झाली. या मुलाकडेही अशी चित्रांची वही होती. शाळेत ती दप्तरात ठेवायला लावली. "चित्रे दिली तर तो बोलायचा आळस करील," असे कारण सांगितले. माझ्या मते ही चूक आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात विकासात अडचणी असलेल्या व्यक्तींवरील प्रयोग तपासले होते. भरवशाचा पुरावा असलेल्या २७ जणांपैकी चित्रे, खुणा वगैरेंमुळे एकाचेही बोलणे घटले नव्हते. बहुतेकांचे वाढले, जरी थोडेच. काही मुले पुढेही तोंडाने बोलणार नाहीत. त्यांची तर वही हीच भाषा. ती काढून घेणे म्हणजे तोंडावर हात ठेवणे होय.

उपचाराचे तास आठवड्यातून थोडे, शाळा मात्र रोजची. म्हणून शिक्षकांना विनंती, की ती वही बाकावर उघडी असू द्या. आणि मित्रांनो, तुमच्या वर्गात असा मुलगा असेल, तर त्याच्याशी बोलताना तुम्हीही चित्रावर बोट ठेवा. प्रश्न एकदाच विचारा आणि मनातल्या मनात दहा अंक मोजा. आम्ही मास्तर मंडळी बहुधा तीनच मोजतो.