विज्ञानकथेचे वाचक आणि संमेलनाचा मांडव

साहित्यसंमेलन म्हटले की आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे प्रथम मांडव उभा राहतो, नंतर व्यासपीठ, आणि नंतर त्या व्यासपीठावर कोणी बसावयाचे याचा वाद. वाचकाची आठवण सर्वांत शेवटी. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यास स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. मैदानाचे नाव स्वावलंबी असले तरी असले सोहळे सरकारी अनुदानाच्या कुबड्यांवाचून उभे राहत नाहीत, हे सर्वविदित आहे. तेव्हा वाचकांनी स्वतःच्या बळावर संमेलन भरविणे शक्य तरी आहे काय, असा प्रश्न कोणी केल्यास आम्ही त्यास विज्ञानकथेच्या वाचकांचा इतिहास सांगू.

१९२६ साली अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापली जात. या लहानशा गोष्टीतून मोठी गोष्ट निघाली. एका गावचा मुलगा दुसऱ्या गावच्या मुलास लिहू लागला. पत्रांतून मंडळे झाली. आणि ३ जानेवारी १९३७ रोजी इंग्लंडात लीड्स येथे थिऑसॉफिकल सभागृहात मूठभर वाचक एकत्र बसले. त्यांत एकोणीस वर्षांचे आर्थर क्लार्क होते. फिलाडेल्फियाचे लोक आपली १९३६ ची बैठक पहिली मानतात. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. दोन्ही ठिकाणी मांडव नव्हता, एवढे आम्हांस पुरे आहे.

मात्र हे आयोजक साधुसंत होते असे कोणी समजू नये. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक संमेलन भरले. सुमारे दोनशे लोक जमले. आयोजकांचे अग्रणी सॅम मॉस्कोविट्झ हे नुकते एकोणीस वर्षांचे झाले होते. या मंडळींनी जुन्या भांडणावरून डोनाल्ड वोल्हाइम, फ्रेडरिक पोल आदी सहा तरुणांस दारातच अडविले! म्हणजे दाराशी उभे राहताच आपण घराचे मालक झालो असे वाटू लागण्याचा रोग केवळ मराठी नव्हे. पण याच पोल यांस १९७२ च्या जागतिक संमेलनाने सन्माननीय अतिथी म्हणून बोलाविले. संस्था वाचकांची असली म्हणजे आयोजकांची चूक पुढची पिढी सुधारू शकते. संस्था आयोजकांचीच असली म्हणजे ती चूक तिची परंपरा होऊन बसते.

आता घरचे पाहू. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिची वार्षिक अधिवेशने गावोगाव भरली, तिने विज्ञानकथांच्या स्पर्धा घेतल्या. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेस पहिले पारितोषिक मिळाले; 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेणारे तिचे लेखक म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. प्रकृतीमुळे त्यांस उपस्थित राहता आले नाही. हे सर्व भूषणावह आहे. परंतु यात वाचकाने काय केले? त्याने टाळ्या वाजविल्या. स्पर्धेने लेखक सापडतो. वाचकास वाचक सापडत नाही.

कोणी म्हणतील, ही आणखी एक वेगळी चूल कशाला? वर्ध्यासच २०२३ मध्ये विद्रोही साहित्य संमेलनही भरले होते. आम्ही म्हणतो, चुली वाढल्याने घर मोडत नाही. सर्वांनी एकाच पंगतीत वाढप्याची वाट पाहत बसल्याने मात्र उपासमार होते.

आणि वर्ध्यासारखे योग्य स्थान तरी कोणते? लीड्सची बैठक झाली त्याच १९३७ साली, ऑक्टोबरात, येथे नयी तालीमचा विचार करणारी परिषद भरली; १९३८ च्या अखेरीस येथे मगन संग्रहालय उघडले. यंत्र माणसासाठी की माणूस यंत्रासाठी, हा प्रश्न या भूमीने सूतकताईच्या संदर्भात विचारला. चांगली विज्ञानकथा तोच प्रश्न उद्याच्या यंत्राविषयी विचारते. आज विचार करणारी यंत्रे घराघरांत शिरत असता आमच्या मुलांनी तो प्रश्न एकट्याने, मिटल्या तोंडाने वाचावा काय?

यास्तव आमची मागणी अगदी लहान आहे. गावच्या ग्रंथालयातील एक खोली, वीस खुर्च्या, प्रत्येकाची अल्प वर्गणी, आणि सर्वांनी वाचलेली एक कथा. अध्यक्ष नको, स्वागताध्यक्ष नको, हारतुरे तर नकोतच. दार तेवढे उघडे असावे, आणि ते अडविण्याचा अधिकार कोणासही नसावा.